टोपीसकट ऊन

काकासाहेबांना पहिली शंका आली तेव्हा ते गच्चीवर उघड्या अंगानं ऊन खात बसले होते. शंका तशी किरकोळ होती. आत गेलेला श्वास बाहेर निघायला कुरकुर करत होता. पाहुणा निघतो निघतो म्हणतो आणि उंबऱ्यातच बोलत उभा राहतो, तसा.

खाली अंगणात तुरीची मळणी चालली होती. सकाळपासून वारा तिसगावच्या बाजाराकडं वाहत होता. आता तो फिरला होता आणि भुसकटाचा धुरळा सरळ गच्चीवर येत होता.

हे ऊन डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. म्हणजे निम्मं सांगितलेलं. नगरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि म्हणाले, ड जीवनसत्त्व फारच कमी आहे, आठवड्याला एक पुडी दुधातून घ्या, जरा ऊन अंगावर घ्या, दम्यावर झाला तर थोडा उपयोग होईल. पंप मात्र सोडायचा नाही, सकाळ-संध्याकाळही तोच आणि धाप लागली तरी तोच. यातला पुडीचा आणि उन्हाचा सल्ला काकासाहेबांनी घरी आणला आणि पंपाचा सल्ला माळीवाड्याच्या स्टँडवर सोडून दिला.

कारण पंपाला ते भीत होते. थोरले भाऊ भिमाजी गेले तेव्हा त्यांच्या मुठीत पंप होता. पंप लागला अन् माणूस गेला, असं दहाव्याला सगळे म्हणाले, आणि दहाव्याला जमलेली माणसं कधी खोटं बोलत नसतात. तेव्हा काकासाहेबांनी पंप ज्वारीच्या कोठीत खोल खुपसला. भाकरीसाठी ज्वारी रोज कोण काढतं, हा प्रश्न त्यांना पडला नाही.

मग रोजचं ऊन सुरू झालं. सदरा काढायचा, टोपी ठेवायची. पाठ उघडी पडली तर पडो, पण चार लोकांत बोडक्यानं बसायला घरात काही मयत झालेली नव्हती. रस्त्यानं जाणारे विचारायचे, आप्पा, शेकलं का? काकासाहेब हात हलवायचे. पुढं पुढं विचारणं थांबलं, नुसते हात हलू लागले.

आता त्या हातांनीच घात केला. काकासाहेबांनी हाक मारली, ती मशीनच्या घरघरीत त्यांनाही ऐकू आली नाही. मशीनमध्ये पेंढ्या सोडणाऱ्या मुलाकडं, अंगदकडं बघून त्यांनी हात हलवला. अंगदनं प्रेमानं हात हलवला. त्यांनी दोन्ही हात हलवले. अंगदनंही दोन्ही हलवले, आणि पेंढ्या देणाऱ्या बाया हसल्या.

ते जिन्याकडं निघाले, पण दोन पावलांत डोळ्यांपुढं अंधारलं आणि जिन्याला कठडा नव्हता. ते कट्ट्याला धरून बसले. छातीत कुणीतरी दावं आवळत होतं. शिट्टीसारखा बारीक आवाज येत होता आणि तो आपलाच आहे हे कळल्यावर त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. भिमाजीची मूठ आठवली. त्यांनी स्वतःची उघडून पाहिली. तीत काही नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना त्या मुठीचा हेवा वाटला.

मग त्यांनी टोपी काढली आणि खाली फेकली.

टोपी तुरीच्या राशीवर, लंकाबाईंच्या पुढ्यात पडली. लंकाबाईंनी वर पाहिलंसुद्धा नाही. एवढ्या संसारात ही टोपी आपणहून खाली आलेली त्यांनी कधी बघितली नव्हती. त्या सूप टाकून जिन्याकडं पळाल्या.

वर येऊन त्यांनी कनवटीतून पंप काढला. तो कोठीतून कधीच कनवटीला आला होता. हलवून त्यांनी तो नवऱ्याच्या तोंडाशी धरला. काकासाहेबांनी दात आवळले. एक भीती छातीवर बसली होती, दुसरी ओठांना टेकली होती.

"भाऊजी पंपानं न्हाई गेले," लंकाबाई म्हणाल्या. "त्यांच्या मुठीतला पंप मीच सोडवला हुता. कोरा हुता. एकदाबी दाबल्याला न्हवता. तुमाला बी तसाच मुठीत द्यू का?"

काकासाहेबांनी तोंड उघडलं.

"वढा आता. लई शहाणपणा झाला."

त्यांनी ओढला. काही झालं नाही. पुन्हा ओढला. मशीन बंद पडलं होतं आणि अंगद जिन्यात उभा होता. त्या शांततेत सगळे एका माणसाच्या शिट्टीकडं कान लावून होते. खूप वेळानं ती जराशी सैल झाली. मग अंगदनं त्यांना जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. तिथं वाफ घेताना त्यांनी लंकाबाईंचा पदर सोडला नाही, आणि कुणी त्यावरून चेष्टाही केली नाही.

मळणी उरकून धुरळा बसल्यावर काकासाहेब पुन्हा गच्चीवर जाऊ लागले. पुडीही चालू आहे, ऊनही आणि दोन्ही वेळचा पंपही. अंगात सदरा नाही म्हणजे खिसा नाही, म्हणून तिथं पंप टोपीत असतो. हात हलवायची मात्र चोरी झाली आहे. हलवला की निम्मी आळी जिन्याकडं पळत सुटते. मधूनच श्वास कुरकुरल्यासारखा वाटतो आणि त्यांचा हात टोपीकडं जातो. खाली लंकाबाईंचं सूप तेवढ्यापुरतं थांबतं.