आवाजबंद खोली

आई गेल्याला पाच महिने झाले तरी बाबांनी टीव्ही लावला नव्हता. कुणाला वाटेल, बरंच झालं की. बाबांना ओळखणाऱ्यांना तसं वाटणार नाही. बाबा सगळं बघायचे. चित्रपट, सामने, हत्तींवरचे माहितीपट, न कळणाऱ्या भाषेतल्या बातम्या. एकदा तर प्रक्षेपण बंद पडल्याची पाटी त्यांनी वीस मिनिटं बघितली होती, "आता येईल, आता येईल" म्हणत. आई गेल्यापासून मात्र ते सकाळी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसायचे, पेपर उघडायचे आणि एकच पान दुपारपर्यंत पुरवायचे. वजन सात किलोंनी उतरलं होतं. या माणसानं पुन्हा एकदा पाय पसरून काहीतरी बघावं, एवढंच दादाला आणि मला हवं होतं.

कल्पना दादाची. माझा भाऊ लहान कल्पना करूच शकत नाही.

"मागची अडगळीची खोली रिकामी करू," तो फोनवर म्हणाला. "पडदा, प्रोजेक्टर, चारी बाजूंनी आवाज. बाबांचं स्वतःचं थिएटर."

"बाबा हॉलमधला टीव्ही लावत नाहीत, दादा."

"म्हणूनच तर. हॉलमध्ये आठवणी आहेत."

अडगळीच्या खोलीत आठवणी नव्हत्या असं नाही, पण त्या खोक्यांत होत्या. उचलून दुसरीकडे ठेवता येत होत्या.

बाबांना विचारलं तर ते "करा" म्हणाले. त्या दिवसांत ते सगळ्यालाच "करा" म्हणायचे.

मग भोंगाकाका आले. भोंगाकाका म्हणजे बाबांचे शाळेपासूनचे मित्र. चाळीस वर्षं त्यांनी कार्यक्रमांना लाउडस्पीकर पुरवले, आणि त्यामुळे ते कुजबुजले तरी रस्त्यापलीकडच्या माणसाला कळतं. खोलीच्या मधोमध उभं राहून त्यांनी एकदा जोरात टाळी वाजवली, डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, "घुमतंय. पहिली गोष्ट, ही खोली आवाजबंद करायची."

"तुम्ही करणार?" आत्यानं विचारलं. आत्या बाबांची मोठी बहीण, दोन गल्ल्या सोडून राहते. "जन्मभर गावाची झोप उडवलीत, आणि आता आवाज बंद करायला निघालात?"

"आवाज कुठून निसटतो ते चोरालाच ठाऊक असतं, ताई."

त्यांनी एक सुतार आणला. उंच, वाळका, कानामागे पेन्सिल. हा माणूस फक्त मापात बोलायचा. "इथे दोन सूत कमी," असं म्हणायचा आणि गप्प बसायचा. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. तोपर्यंत दादा दोऱ्याचं रीळ शोधत होता.

काम चार रविवार चाललं. भिंतींवर लाकडी पट्ट्यांचा सांगाडा उभा राहिला, त्यात आवाज शोषणारं ग्लासवूल भरायचं काम माझ्याकडे आलं. पिवळ्या, मऊ, गादीसारख्या दिसणाऱ्या या पदार्थाला चुकूनही हात लागला तर दोन दिवस अंग खाजतं. लांब बाह्या, हातमोजे, नाकावर रुमाल अशा अवतारात मी खोलीबाहेर आले की आत्या म्हणायची, "आली बघा, बँक लुटून आली." ग्लासवुलावर प्लायवूड, प्लायवुडावर जाड कापड, त्यावर गडद करडा रंग. पडदा लावायची भिंत तेवढी दादाने स्वतः घासली, आणि तिला कुणी बोट लावलं तर तो असा ओरडायचा जणू आम्ही त्याच्या डोळ्यात बोट घातलंय.

तिसऱ्या रविवारी सोफा बोळात अडकला. पुढे जाईना, मागे येईना. आतल्या बाजूला भोंगाकाका आणि सुतार, बाहेरच्या बाजूला आम्ही. आत्यानं सोफ्यावरून चहा पलीकडे दिला.

"किती सूत?" दादाने ओरडून विचारलं.

"चौदा," आतून उत्तर आलं.

सोफ्याचे पाय कापले. तो आत गेला, पण बसलं की गुडघे हनुवटीला लागायला लागले. भोंगाकाका म्हणाले, हीच खरी थिएटरची बैठक.

बाबा या सगळ्यात होते. खिळ्यांचा डबा धरून उभे राहायचे, सांगितलं तर शिडी धरायचे. त्याच दिवशी आत्यानं स्वयंपाकघरातून नुसतं "अरे, चहा घे रे" म्हटलं आणि बाबा एवढ्या तातडीने वळले, की डबा हातातून सुटून खिळे सगळीकडे झाले. खिळे गोळा न करताच ते आत गेले.

"अरे वा!" आत्या म्हणाली. "साठ वर्षं हाका मारतेय. पहिल्या हाकेला आलास तो आज."

दादा आणि मी हसलो, कारण बाबांची 'ओ' घरात प्रसिद्ध होती. आई स्वयंपाकघरातून "अहो" म्हणायची, बाबा टीव्हीसमोरून "ओ" म्हणायचे. सुरात, लगेच, मान न वळवता. आणि तिथेच बसून राहायचे. आई म्हणायची, यांची ओ म्हणजे पोचपावती. माल कधी मिळेल ते लिहिलेलं नसतं. तिसऱ्या "अहो"ला चढा सूर लागला की मगच ते उठायचे.

बाबा हसले नाहीत. चहा घेऊन त्यांनी खिळे एकेक करून वेचले.

चौथ्या रविवारी दार बसलं. दार ही सुताराची खास निर्मिती होती. दोन जाड फळ्या, मध्ये ग्लासवूल, कडेनं सगळीकडे रबरी पट्टी. ते लोटलं की 'फुस्स' असा एक आवाज व्हायचा आणि त्यानंतर काहीच नाही. "असं दार मी आजवर बनवलं नव्हतं," सुतार म्हणाला. त्याच्या तोंडून आम्ही ऐकलेलं हे पहिलं बिनमापाचं वाक्य.

"आता परीक्षा," भोंगाकाका म्हणाले. "आत एक जण बसेल. बाहेर आपण स्वयंपाकघरातून गोंधळ घालायचा. ऐकू आलं तर त्यानं दार ठोठावायचं."

"बाबा बसतील," दादा म्हणाला. "मालक तेच."

बाबा आत बसले. दार लागलं. फुस्स.

आम्ही स्वयंपाकघरात जमलो. आधी भोंगाकाकांनी त्यांच्या खास आवाजात "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" म्हटलं. खालच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी लावून घेतली. खोलीचं दार गप्प. मग दादाने परात बडवली. मग मी "बाबा!" म्हणून ओरडले. मग आत्या पुढे झाली, आमच्या आईची हुबेहूब नक्कल करत, चढा सूर लावून, "अहो! अहो, ऐकलंत का!" भोंगाकाका हसून हसून ओट्याला टेकले. मलाही हसू आलं. आई गेल्यापासून त्या घरात तो सूर कुणी लावला नव्हता.

दार गप्पच.

दादाने धावत जाऊन ते उघडलं. "काय ऐकू आलं?"

"काही नाही," बाबा म्हणाले.

"एकही हाक नाही?"

"तुम्ही हाका मारत होतात?"

दादा आणि भोंगाकाकांनी एकमेकांना मिठी मारली. सुताराने पेन्सिल कानामागून काढली, पाहिली, परत ठेवली. बाबा सोफ्यावर गुडघे हनुवटीशी घेऊन तसेच बसले होते. तळवे मांडीवर पालथे. मला त्यांचा चेहरा दिसला, आणि मी बाकीच्यांना म्हटलं, "चहा ठेवा, आम्ही आलोच."

मी त्यांच्याशेजारी बसले. दार उघडं ठेवलं.

"चांगली झालीय खोली," ते म्हणाले.

"बाबा."

"छानच केलंत तुम्ही."

मी सोफ्यावर मागे टेकून बसले. 

"तिनं हाक मारली होती," ते म्हणाले. "त्या दिवशी. मला ऐकू आली होती."

"आईनं?"

"मी ओ दिली." ते पडद्याकडे बघत होते. पडद्यावर काही नव्हतं. "सामना संपत आला होता. शेवटची दहा मिनिटं. दुसरी हाक आली नाही. मला वाटलं, चला, काम झालं असेल तिचं."

आई स्वयंपाकघरात पडली होती, हे आम्हाला माहीत होतं. हाक माहीत नव्हती.

"डॉक्टर म्हणाले होते ना," मी म्हटलं, "की दहा मिनिटांनी काही फरक पडला नसता."

"त्यांना काय माहीत. हाक त्यांना मारली नव्हती."

  स्वयंपाकघरातून कपबशांचा आवाज येत होता, आणि बाबा तो लक्षपूर्वक ऐकत होते. मी त्यांचा हात धरला. हाताला अजून लाकडाचा भुसा लागलेला होता.

"तुम्हाला इथे बसायला आवडेल," मी थोड्या वेळाने विचारलं, "दार नसेल तर?"

त्यांनी उघड्या दाराकडे पाहिलं. "दार नसेल तर बसेन," ते म्हणाले.

मी बाहेर जाऊन सांगितलं, दार काढायचंय. कारण सांगितलं नाही. ते दादाला मी नंतर, दोघंच असताना सांगितलं.

"काढायचंय?" दादा किंचाळला. "अगं, सगळी खोली त्या दारावर उभी आहे! दार काढलं तर भिंतींत एवढं भरलं कशाला? माझ्या अंगाची खाज अजून गेली नाही!"

"माझी गेली नाही," मी म्हटलं. "तू हात कुठे लावलास?"

भोंगाकाकांनी बोळातून आत पाहिलं. बाबांच्या पाठीकडे पाहिलं. मग त्यांच्या मानाने खरोखरच हळू आवाजात म्हणाले, "आपण आवाज लहान ठेवू. जन्मभर वाढवत आलो, एकदा कमी करून बघतो."

मला काळजी होती ती सुताराची. तो कप खाली ठेवून उठला, दारापाशी गेला, रबरी पट्टीवरून एकदा अंगठा फिरवला.

"चौकटीसकट," त्याने विचारलं, "की नुसतं?"

"नुसतं."

त्याने बिजागऱ्यांचे स्क्रू काढायला सुरुवात केली. दादा शेवटी पुढे होऊन दार धरायला लागला, कारण ते एकट्याच्यानं पेलणारं नव्हतं.

पुढच्या शनिवारी दुपारी पहिला खेळ झाला. एक जुना विनोदी चित्रपट, बाबांनी निवडलेला. आत्या आत बसायला तयार नव्हती. "अंधारात बसायला मी काय वटवाघूळ आहे?" म्हणून ती स्वयंपाकघरात राहिली. बाकी आम्ही सगळे त्या पाय कापलेल्या सोफ्यावर आणि खालच्या गाद्यांवर. सुतार धुतलेला शर्ट घालून आला होता.

दहाव्या मिनिटाला बाबा उठले. "हाक आली," म्हणाले आणि गेले. आम्ही आत्याचा आवाज ऐकला, "नाही रे, मी कुठे काय म्हटलं?" ते परत आले. विसाव्या मिनिटाला पुन्हा. या वेळी दादाने चित्रपट थांबवला. नायक उघड्या तोंडाने पडद्यावर लटकून राहिला. "नळाचा आवाज होता," बाबा येऊन म्हणाले. तिसऱ्यांदा भांडं पडलं होतं. चौथ्यांदा तर काहीच झालं नव्हतं. ते उठायचे, दादा न बोलता बटण दाबायचा, आम्ही वाट बघायचो. मधल्या वेळात भोंगाकाका पुढे काय होणार ते सांगायचे आणि सगळं चुकीचं सांगायचे. बसल्यावर बाबा दोनदा हसले. एकदा मोठ्यानं.

पाचव्यांदा आत्यानं खरंच हाक मारली. बरणीचं झाकण निघत नव्हतं म्हणे. पण तोवर बाबा बोळात निम्म्यावर पोचले होते.