निगारमावशींचे लाल गाल

लोदोस सुटला की तुर्कस्तानातल्या आमच्या बुर्सात, माणसाला आत झोपवून ऑक्सिजन देतात त्या टाकीला उसंत नसते. दक्षिणेचा हा वारा धुराड्यातला धूर परत घरात ढकलतो आणि माणसं कोळशाच्या शेगडीशेजारी बसल्या जागी आडवी होतात. वीस वर्षं नर्स आहे. धुराची मला किळस येत नाही, माणसांची येते.

निगारमावशींना त्यांचा मुलगा तुंजाय भर दुपारी घेऊन आला. मावशींच्या स्वेटरवर ओकलेलं दही. विषबाधा म्हटली की दही पाजायचं, हे इथलं घरोघरचं शहाणपण. मुलगा मात्र नव्या सुटात, गुळगुळीत दाढी, अत्तराचा भपकारा. सुटावर बाहेरची काजळी नको म्हणून, शेगडी पेटलेली असताना आईने उघडलेली खिडकी यानेच लावली आणि स्वतः न्हाव्याकडे गेला. हे त्यानेच सांगितलं, वर हसून.

"सिस्टर, आटपा लवकर. चारला मुलीला मागणी घालायला जायचंय, आईशिवाय कसं चालेल?" त्याने आईच्या बोटाला लावलेल्या, ऑक्सिजन मोजायच्या चिमट्यावरचा आकडा दाखवला. "नव्याण्णव! आणि गाल बघा कसे लाल. लालीसुद्धा लावायला नको."

मी चिमटा काढून बाजूला ठेवला.

"अहो, ऑक्सिजन कुठला न् विषारी वायू कुठला, हे त्या चिमट्याला कळत नाही. तुम्हालाही नाही. रक्तात एकतीस टक्के वायू आहे, म्हणून गाल लाल! आणि हे ठोके बघा." मी ईसीजीची पट्टी त्याच्या नाकासमोर धरली. "दोन पडतात, एक चुकतो. टाकीत दाबाखाली ऑक्सिजन दिला नाही तर हृदय तिकडे जायच्या वाटेतच बंद पडेल."

"या वयात चुकायचेच. आई, ऊठ गं, कोट घाल."

आणि मावशी धापा टाकत खरंच बटणं लावू लागल्या! मला त्यांचीही चीड आली.

"मावशी, उपचाराला सही तुमची लागते, त्याची नाही. याच्या मागणीपायी मरायचंय का?"

त्यांनी लावलेली बटणं परत सोडली. मग त्यांनी पेन मागितलं.

"आत्याला नेतो मग!" म्हणत तुंजाय दार आपटून गेला.

दोन तास मी टाकीबाहेर पडद्यावर डोळे लावून बसले. चुकणारे ठोके विरळ होत गेले. शेवटच्या अर्ध्या तासात एकही चुकला नाही.

मावशी बाहेर आल्या, पाणी प्यायल्या आणि माझा फोन मागू लागल्या. चार वाजायला आले होते. मला वाटलं, लेकाची माफी मागणार.

"सेल्दा, मी तुंजायची आई. होकार दिला नाहीस ना अजून? देऊ नकोस, पोरी. ज्याला आईची धाप दिसली नाही, त्याला तुझी काय दिसणार?"