यहूदाचं मृत्युपत्र

ईस्टरच्या रविवारी कुमाना बंदरामागच्या आमच्या गल्लीत गुरूला दगा देणाऱ्या यहूदाला जाळतात. जुन्या कपड्यांत पेंढा आणि फटाके कोंबलेलं बुजगावणं. पण गर्दी जमते ती जाळण्याआधी, त्याचं मृत्युपत्र ऐकायला. मरता मरता यहूदा गल्लीतल्या प्रत्येकाला काही ना काही देऊन जातो: अरेपे, म्हणजे मक्याच्या भाकऱ्या, विकणाऱ्या कासिमिराला त्यात घालायला मूठभर चीज, पाद्रीबाबांना छोटंसं प्रवचन. हे मृत्युपत्र वर्षानुवर्षं माझे वडील, मास्तर एव्हारिस्तो, लिहीत आले.

लोकांची गंमत बघा. ज्याची थट्टा व्हायची तो सोमवारभर बाबांना शिव्या घालायचा आणि मंगळवारी तीच ओळ पाहुण्यांना म्हणून दाखवायचा. कासिमिराने ओळ पाठ केली, चीज मात्र वाढवलं नाही. बाबा म्हणायचे, "सुधारायचं कुणालाच नसतं गं. सगळ्यांना फक्त आपलं नाव ऐकायचं असतं."

नियम एकच होता. ज्याचं आता काही खरं नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही. गेल्या वर्षी बाबांनी कासिमिराच्या नवऱ्याला वगळलं आणि पावसाळा लागायच्या आत आम्ही त्याला पुरून आलो. बाबांखेरीज हा नियम ठाऊक होता तो फक्त मला आणि निकानोरला.

निकानोर बाबांचा जुना विद्यार्थी, आता स्वतःच शिक्षक. यंदा बाबांचे हात थरथरतात म्हणून लिहिण्याचं काम त्याच्याकडे गेलं. बाबांना मी एवढंच सांगितलं होतं की डॉक्टर म्हणतो, पोटात जखम आहे, भरून येईल. त्यांनी विश्वास ठेवला आणि परसात आंब्याचं कलम लावलं. खरं काय ते निकानोरच्या कानावर घालून मी त्याला बजावलं, "बाबांना सोडू नकोस. चांगलं झोंबेल असं लिही."

"ताई, मास्तरांवर? आणि आत्ता? माझा हात धजणार नाही."

"न धजायला काय झालं? नाव आलंच पाहिजे."

त्याने लिहिलं, मला वाचूनही दाखवलं: 'माझे दात मास्तरांना; त्यांचे आपल्याला चावून चावून झिजले.' मी हसले आणि मग तिथेच रडले.

रविवारी बाबा इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले. आजवर लिहिणारे तेच, त्यामुळे त्यांच्या वाट्याला कधी काही आलंच नव्हतं. "मला काय मिळेल गं? माझा चिकटपणा काढतोय बहुतेक. की घोरणं?" लग्नघरातल्या पोरासारखे चुळबुळत होते.

निकानोरने एकेकाची सालटी काढली. लोक पोट धरधरून हसत होते. शेवटची ओळ राहिली तेव्हा त्याने मान वर करून बाबांकडे पाहिलं. सदऱ्याच्या कॉलरमध्ये त्यांची मान आता सैल हलत होती. त्याचे डोळे भरले. त्याने कागदाची घडी केली आणि तो ओरडला, "पेटवा रे!"

मला त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं. स्वतःला दुखू नये म्हणून माणसं दुसऱ्याची दया करतात आणि वर डोळेही पुसतात.

फटाके तडतडू लागले. कासिमिरा चीजवरून ठणाणा करत होती, मनातून खूश होती. बाबांनी खुर्ची मिटून काखेत मारली आणि निकानोरजवळ जाऊन त्याच्या पाठीवर थाप दिली.

"छान लिहिलंस रे. नियमही पाळलास."

मग ते माझ्याकडे वळले.

"चल घरी. आणि डॉक्टर नेमकं काय म्हणाला, ते वाटेत सांग."