जाकिटाच्या खिशातलं भोक

काकापो पोपटांच्या बेटावर राखणीला येताना रिपेकाने सगळं सामान तपासायला दिलं होतं, एक बाबांचं जाकीट सोडून. उंदीर, बी असं काही बेटावर येऊ नये म्हणून धक्क्यावरच्या बंद खोलीत सगळ्यांचे मोजे उलटे करतात, बुटांतली माती टोकरून काढतात. जाकीट धुतलं असतं तर बाबांचा वास गेला असता. त्यांना जाऊन दोनच महिने झाले होते. 'धुतलंय,' म्हणून तिने ते अंगात चढवलं.

चौथ्या दिवशी दुपारी तिला खिशात भोक दिसलं. कडा कुरतडल्यासारख्या, तळाशी बिस्किटाचा चुरा.

त्यातून एक गाभण उंदरीण आली असली तरी सगळं संपायला पुरे. काकापो उडत नाही. धोका वाटला की जागीच थिजतो. शेवाळी पिसांमुळे दोन पावलांवरूनही तो दिसत नाही. पण उंदीर शोधतो नाकाने. वरच्या उतारावर तिआहो ही काकापो मादी दोन अंड्यांवर बसली होती. रात्री ती चरायला गेली की अंडी उघडीच.

गप्प बसता आलं असतं. भोक आधीचंच असेल, असं तिने स्वतःला दोनदा सांगून पाहिलं. मग ती रखवालदार हाकोपाकडे गेली. तो बाबांचा जुना सोबती. बटाटे सोलत बसला होता.

"काका, जाकीट धुतलं नव्हतं. खोटं बोलले मी."

त्याने खिसा उलटा करून उजेडात धरला. "गळाने फाटलं असेल. तुझा बाप गळ खिशातच कोंबायचा, येडपट."

"असेल, की आहे?"

"असेल," हाकोपा म्हणाला आणि सुरी खाली ठेवली.

तो तिच्यावर ओरडला नाही, तेच तिला जड गेलं. जाकीट उकळत्या पाण्यात गेलं. काठीने तिनेच ते खाली दाबलं. अंधार पडायच्या आत दोघांनी झोपडीपासून घरट्यापर्यंत शाई लावलेले कागद मांडले, मधोमध शेंगदाण्याचं लोणी, म्हणजे उंदीर आलाच तर पाय उमटतील.

रात्री तिआहो बाहेर पडल्याची घंटी वाजली. घरट्यावरच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर दोन पांढरी अंडी. रिपेका मिनिटं मोजत राहिली. एक्केचाळिसाव्या मिनिटाला शेवाळाचा एक तुकडा हलला आणि अंड्यांवर येऊन बसला.

सकाळी कागदांवर फक्त किड्यांचे पाय उमटले होते.

"म्हणजे नाही ना?" तिने विचारलं.

"एकवीस रात्री बघायचं असतं," हाकोपा म्हणाला. "तुला मात्र उद्याच्या बोटीने जावं लागेल, पोरी. तपासणीत खोटं बोललेल्याला इथे राहता येत नाही."

रोज सकाळी कळवाल का, असं तिने विचारलं. तो हो म्हणाला. मग दोघं नवे कागद मांडायला निघाले.