बोटांनी पुसलेलं गाव

मी नदीखोऱ्याचा नकाशा बोलतोय. सव्वीस वर्षं सातवीच्या वर्गात फळ्याशेजारी खिळ्याला लटकलो आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. आज मात्र बोलावंसं वाटतंय.

छापखान्यातून आलो तेव्हा मी मोठा रुबाबदार होतो. पाठीला जाड कापड, वर-खाली लाकडी दांडे, अंगावर तपकिरी डोंगर आणि निळी नदी. गावांचे काळे ठिपके इवलेसेच, पण प्रत्येकाशेजारी नाव. इतिहासाच्या तासाला मला गुंडाळून कोपऱ्यात उभं करत, त्याचा राग अजून गेलेला नाही.

भूगोलाच्या बाईंची एक रीत होती. वर्षाच्या पहिल्या तासाला प्रत्येक मुलानं पुढं यायचं आणि आपल्या गावावर बोट ठेवायचं. "आधी आपण कुठं उभे आहोत ते कळू दे," त्या म्हणायच्या. मग दोन प्रश्न. पाणी कुठून येतं? आणि माणसं इथंच का राहिली? पाऊस, चढ-उतार, माती, शेती, बाजार, रस्ते, सगळा भूगोल त्या या दोन प्रश्नांत बसवायच्या.

दरवर्षी पन्नास-साठ बोटं. कुणाची शाईची, कुणाची घामेजलेली. एका पोरानं तर बोट चाटून ठेवलं! हळूहळू गावाचं नाव गेलं, ठिपका गेला आणि खालचं कापड दिसू लागलं. साऱ्या मुलखाचा पत्ता माझ्याकडे आणि ज्या गावात मी टांगलेला, तेच अंगावर नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

यंदा वर्गात एक नवी मुलगी आली. तिची पाळी आली तेव्हा तिचं बोट त्या भोकाकडे गेलंच नाही. नदीच्या काठाकाठानं वर सरकत ते एका वळणावरच्या ठिपक्यावर थांबलं.

पोरं खिदळली. "बाई, तिथं तर धरणाचं पाणी आहे! पुस्तकात बघा."

बाईही घाईत होत्या. "चुकलीस गं. आपलं गाव हे इथं."

मुलीनं बोट काढलं नाही. "तुम्हीच म्हणालात ना, आपलं गाव दाखवा? माझं हे आहे. तीन वर्षांपूर्वी बुडालं."

बाई खुर्चीत बसल्या. "मीच चुकले," त्या म्हणाल्या. मग उठून त्यांनी फळ्यावर तिसरा प्रश्न लिहिला. माणसांना गावातून उठावं लागलं तर ती कुठं जातात?

एकच हात वर झाला. "आधी मामाच्या ओसरीवर," मुलगी म्हणाली, "मग भाड्याच्या खोलीत."

त्यानंतर महिन्याभरात नवा नकाशा आला. गुळगुळीत, चकचकीत. त्या वळणावर नुसता निळा रंग. "जुना शनिवारी रद्दीत घाला," मुख्याध्यापकांनी शिपाईकाकांना सांगितलं. मी हादरलो. माझं वय झालंच होतं हो, पण तो ठिपका आता माझ्याशिवाय कुठं होता?

शुक्रवारी मधल्या सुट्टीत ती मुलगी वडिलांना घेऊन आली. ते गवंडी. कामावरून तसेच आलेले, हाताला सिमेंट वाळलेलं.

"बाबा, हे बघा."

त्यांनी हात शर्टाला पुसला, बोट पुढं केलं आणि ते कागदापासून तांदळाएवढ्या अंतरावर थांबलं.

"टेकवा ना."

"नको पोरी. एवढंसंच उरलंय. पुसून जाईल."

सव्वीस वर्षांत माझ्यावर इतकं जपून कुणी बोट धरलं नव्हतं. मला रडू आलं असतं, पण नकाशाला ओल सोसत नाही.

दारातून हे पाहणाऱ्या बाईंनी डोळे टिपले आणि स्वतः स्टुलावर चढून मला खिळ्यावरून उतरवलं. "घेऊन जा," त्या म्हणाल्या. "मुख्याध्यापकांशी मी बोलते."

आता मी त्या बापलेकीच्या खोलीत, पत्र्याच्या ट्रंकेच्या वर टांगलेला आहे. वरचा दांडा निसटलाय, त्याला सुतळी बांधलीय. कामावरून आल्यावर बाबा माझ्यासमोर उभे राहतात, त्या वळणावर हवेतच बोट फिरवतात. "ही विहीर. हे तुझ्या आत्याचं घर. इथून शाळेची वाट." यातलं काहीच माझ्यावर छापलेलं नाही. तरी मी रोज ऐकतो, आता मला ते पाठ झालंय.

मुलांनो, आपलं गाव नकाशावर जरूर दाखवा, शेजाऱ्याचंही विचारा. बोट तेवढं जरासं वर धरा.