मणक्यातली मानाची पिशवी

आमचे हे शिंपी. एकदा त्यांच्या टाचेत टाचणी रुतलेली मला दिसली. मी उपसली, रक्त आलं, तरी हे आपले काज करण्यात गर्क! "अहो, दुखलं नाही?" तर म्हणे, "काय दुखायचं?"

मग दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवल्या. पहिल्या डॉक्टरांनी गॅस ठरवला, दुसऱ्यांनी वय. तिसरे मान वर न करता म्हणाले, "मनाचे खेळ आहेत." मन काय टाचेत असतं, मेल्या? ओठांवर आलेलं गिळलं आणि म्हटलं, "एमआरआय लिहून द्या, त्याशिवाय मी खुर्ची सोडत नाही."

एमआरआयमध्ये सापडली. मणक्याच्या आत, थेट मज्जारज्जूत, द्राक्षाएवढी पाण्याची पिशवी. तीच आतून नसा दाबत होती. मोठे सर्जन फिल्म उजेडाला धरून असे हरखले, जसा काही नातू झाला! "लाखात एक केस!" मग रोज दहा-बारा डॉक्टर ती फिल्म बघायला. यांच्याकडे कोणी ढुंकून बघेना. एव्हाना यांचं शिलाई मशीनचं पॅडल मारणं सुटलं होतं, हे भिंत धरून चालत होते.

"ऑपरेशन कधी?" मी विचारलं.

"पुढच्या महिन्यात परिषद आहे. तिथे थेट पडद्यावर दाखवू," सर्जन म्हणाले.

"आणि तोवर पाय गेले तर?"

"अहो ताई, अशी केस पुन्हा मिळत नाही!"

माझं डोकंच फिरलं. पण अगदी गोड आवाजात म्हटलं, "खरंय. पलीकडच्या हॉस्पिटलवाले परवाच करतो म्हणाले, म्हणून विचारलं." शुद्ध थाप! तिथे कोण डॉक्टर आहेत, हेही मला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी आठला यांना आत घेतलं.

सर्जनच्या हाताला गुण होता, खोटं कशाला बोलू? सहा तास लागले. हाड उघडून, दुर्बिणीखाली पिशवीतलं पाणी काढलं, तिचं आवरण सोलून काढलं, नसांना धक्काही लागू दिला नाही.

महिन्याने तपासणीला गेलो. चपला बाहेर काढून आत शिरलो, तर फोटो चालला होता. मधोमध सर्जन, हातात पिशवीची फिल्म, मागे सगळे डॉक्टर.

फोटोवाला यांच्यावर वैतागला. "काका, मध्ये येताय. जरा बाजूला व्हा ना!"

मी हात द्यायला धावले. यांनी मला थांबवलं आणि भिंत न धरता, आपल्या पायांनी चार पावलं चालून बाजूला झाले.

"अगं," हळूच म्हणाले, "फरशी गार लागतेय."

मी तिथेच हमसून हमसून रडायला लागले. मग फोटोवाल्याने मलाही बाजूला व्हायला सांगितलं.