कप्तानाची मिसळ

कप्तान आणि पाववाली बाई मिसळ खायला बाहेर पडली, इथवर अंजनाबाईंनी वाचलं आणि खाटेवरून त्यांच्या नवऱ्याने, भाऊसोंनी, घशातल्या घशात एक आवाज काढला. परक्या माणसाला तो ठसका वाटला असता. अंजनाबाईंना कळलं, की हा प्रश्न आहे.

“तिथं मिसळ कुठनं आली?”

“लिवलंय की इथं.”

“बर्फ पडतंय म्हणालीस त्या गावात.”

“बर्फ पडतंय म्हणून तर गरम खायाला निघालीत,” असं म्हणून अंजनाबाईंनी पान उलटलं. पान उलटायचं काही कारण नव्हतं, कारण मिसळ त्या पानावरही नव्हती आणि पुढच्याही नव्हती. पण वाचतोय असं वाटायला हवं असेल तर मधूनमधून पान उलटावं लागतं, हे अंगणवाडीत उभा जन्म काढलेल्या बाईला सांगावं लागत नाही.

पुस्तक शेजारच्या सईने आणून दिलं होतं. सई कॉलेजात जाते आणि जे वाचून स्वतःला रडू येतं ते दुसऱ्याच्या घरी पोचवते. परदेशातली, मराठीत आणलेली कादंबरी. एका जहाजाच्या कप्तानाचं मानेखालचं सगळं अंग अपघातात लुळं पडतं आणि गावात पाव भाजणारी एक बाई त्याच्या प्रेमात पडते. काकाही खाटेवर, कप्तानही खाटेवर, म्हणजे दोघांचं जमेल, असा सईचा अंदाज होता. पुस्तकातली नावं मराठी जिभेवर बसणारी नव्हती, म्हणून अंजनाबाईंनी पहिल्याच दिवशी ‘कप्तान’ आणि ‘पाववाली’ असं बारसं उरकून टाकलं.

आणि सईचा अंदाज खरा निघाला, दोघांचं चांगलंच जमलं. दुपार झाली की भाऊसो पुस्तकाकडे बघायला लागत.

पण पुस्तक निम्म्यावर आलं असताना अंजनाबाईंनी मेथी निवडता निवडता सहज शेवट बघितला. कप्तान मरायचं ठरवतो. रागात नाही, रडत नाही. चांगला शुद्धीवर, पाववालीवर जीव असताना ठरवतो. अंजनाबाईंनी पुस्तक मिटलं, सईला मनातल्या मनात एक अस्सल शिवी दिली, आणि दुसऱ्या दिवसापासून कप्तानाला स्वतःच्या ताब्यात घेतलं. त्यांच्या अंगणवाडीत वाघ आणि शेळी गोष्टीच्या शेवटी एकाच पातेल्यातली खिचडी खात. तिथे एका कप्तानाची काय कथा? आधी त्याचं बोट हललं. मग कुणीतरी दिलेल्या तेलाने गुडघा हलला. आज तो मिसळीला निघाला होता.

भाऊसो कांबळे एसटीत वाहतूक नियंत्रक होते. कोल्हापूर स्टँडवर कर्ण्यातून ते ‘कबनूरमार्गे इचलकरंजी’ असं म्हणाले, की ज्यांना इचलकरंजीला जायचं नाही ती माणसंही पिशव्या उचलून उभी राहत. नोकरीत त्यांचा हट्ट एकच होता. पाटी लावल्याशिवाय गाडी हलवायची नाही. एका पौर्णिमेच्या गर्दीत हंबीरराव ड्रायव्हरने नृसिंहवाडीची गाडी पाटी न लावता काढली, तेव्हा भाऊसो फलाटावरून उतरून गाडीला आडवे झाले होते. आत बसलेल्या माणसाला आपण कुठं चाललोय हे कळलं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. हंबीरराव आत्ताआत्तापर्यंत हा किस्सा हसून सांगत असत.

निवृत्तीच्या तोंडावर भाऊसोंच्या बोटांना कर्ण्याचं बटण दाबवेना. मग चमचा धरवेना. मग पाय गेले. आजाराचं नाव लांबलचक होतं आणि औषध नव्हतं. आता जीभही जड होत चालली होती, आणि ती काय म्हणते हे साऱ्या गावात एकट्या अंजनाबाईंना समजत होतं. यापुढे श्वासाची पाळी, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. गळ्याला भोक पाडून श्वासाचं मशीन जोडायचं की नाही, ते ठरवून सोमवारी सांगायचं होतं.

भाऊसोंचं ठरलं होतं. त्यांनी ते अंजनाबाईंना सांगायचा पुष्कळदा प्रयत्न केला. ते “मशीन” एवढं म्हणाले, की अंजनाबाईंना गॅसवरचं दूध आठवायचं. इतकं दूध त्या घरात कधीच येत नव्हतं.

बाकी सगळ्यांचंही ठरलेलं होतं. हंबीरराव कोडोलीहून हिरव्या बाटलीतलं तेल घेऊन आले, मशीनही लावा आणि तेलही लावा म्हणाले, आणि चहाला साखर कमी आहे असं सांगून गेले. पुण्याहून मुलगा, संघर्ष, रोज फोन करायचा. पप्पांना यातलं काय कळतंय, आई, आपण लावायचं म्हणजे लावायचं, असं तो म्हणायचा, आणि फोन स्पीकरवर पप्पांच्या उशाशीच असायचा. गॅरेजमध्ये गाडीसमोर गाडीबद्दल बोलतात तसं चाललं होतं. अंजनाबाईंना हंबीररावांचा वैताग आला होता, मुलाचा आला होता, तेलाच्या वासाचा आला होता. सगळ्यात जास्त वैताग त्यांना खाटेवरच्या माणसाचा आला होता, कारण तो काय म्हणतोय ते एकट्या त्यांनाच कळत होतं.

सोमवारी संघर्ष पहाटेच्या गाडीने आला. व्हीलचेअर, उशी, रुमाल, असा लवाजमा दवाखान्यात पोचला. डॉक्टर अंतरा वयाने संघर्षपेक्षा लहान होत्या. त्यांनी खुर्ची ओढली, भाऊसोंच्या समोर बसल्या आणि जे आजवर कुणी केलं नव्हतं ते केलं. त्यांनी भाऊसोंनाच विचारलं.

भाऊसो बोलले. दम घेत, थांबत, बराच वेळ बोलले. डॉक्टरांना एक शब्द कळला नाही. संघर्षलाही कळला नाही. मग दोघांनी अंजनाबाईंकडे बघितलं.

भाऊसो म्हणाले होते, मशीन नको. शुद्धीवर सांगतोय. दम संपेल तेव्हा संपेल, पण माझ्या घरात.

“इचार करून सांगतो म्हणत्यात,” अंजनाबाई म्हणाल्या.

संघर्ष सुटल्यासारखा हसला. मी म्हटलंच होतं, असं काहीतरी तो म्हणाला. डॉक्टर लिहायला लागल्या. भाऊसोंनी बायकोकडे बघितलं. अंजनाबाईंनी ती नजर स्टँडवर बघितली होती, नृसिंहवाडीच्या गाडीपुढे. तेव्हा ती हंबीररावांवर होती.

“अंजे,” भाऊसो म्हणाले. “पाटी.”

“काय म्हणतात?” डॉक्टरांनी विचारलं.

अंजनाबाईंनी रुमालाने त्यांच्या हनुवटीवरची लाळ पुसली. जरा जोरातच पुसली.

“सगळा जलम लोकान्ला सांगत बसला, ही गाडी हिकडं जाती आणि ती तिकडं. आणि आता मलाच सांगाया लावता व्हय? मी कुठं उभी ऱ्हायाची, ते कोण सांगणार?”

“पाटी,” भाऊसो पुन्हा म्हणाले.

“लावतो की पाटी,” अंजनाबाई म्हणाल्या, आणि डॉक्टरांकडे वळल्या. “मशीन नको म्हणत्यात. शुद्धीवर सांगतोय म्हणत्यात. घरात ऱ्हायाचं म्हणत्यात. मगाशी मी खोटं सांगिटलं. मला हे पटल्यालं न्हाय, ते बी लिवून ठेवा. पर त्यांचं म्हणणं हे हाय.”

“आई,” संघर्ष म्हणाला. तो उठून खिडकीशी गेला आणि खाली लावलेल्या मोटारसायकली बघत राहिला.

डॉक्टर अंतरांनी तेच पुन्हा एकदा भाऊसोंना विचारलं आणि हो असेल तर डोळे मिटायला सांगितलं. भाऊसोंनी डोळे मिटले. निर्णय तुमचा आहे, वाटलं तर कधीही बदला, असं त्या म्हणाल्या. मशीन नाही म्हणजे उपचार बंद असं नाही; दम लागेल तेव्हा तो त्रास कमी करायची औषधं आहेत, आणि आम्ही घरी येऊ. अंजनाबाईंना त्यांचा रागच आला. भांडायला जागा ठेवली नव्हती बाईने.

दुपारी घरी संघर्षने वडलांना उचलून खाटेवर ठेवलं आणि तो तिथेच, त्यांच्या पायाशी बसून राहिला. अंजनाबाईंनी पुस्तक काढलं. खुणेचा कागद होता त्या पानावर उघडलं आणि जे छापलं होतं ते वाचायला सुरुवात केली. मधे दूध आठवलं नाही. कप्तान ठरवतो. पाववाली भांडते, पिठाच्या हातानेच दार आपटून जाते, परत येते. समुद्राचा आवाज यावा म्हणून ती खिडकी उघडते आणि त्याच्याजवळ बसते. शेवटच्या ओळीपर्यंत अंजनाबाईंनी एकही शब्द गाळला नाही. आवाज दोनदा फाटला तेव्हा पाणी प्यायल्या.

“संपलं,” त्या म्हणाल्या. “असं हाय ते.”

“म्हाईत होतं,” भाऊसो म्हणाले.

“कवापास्नं?”

“हंबीररावाचं तेल लावून कप्तानाचा गुडघा हलला, तवापास्नं.”

“मग गप का बसला?”

“बरं वाचतीस.”

संघर्ष आईच्या तोंडाकडे बघत होता. पप्पा काय म्हणतात, असं त्याने विचारलं. अंजनाबाईंनी सांगितलं नाही. सगळंच काही भाषांतर करायची त्यांची जबाबदारी नव्हती.

भाऊसोंच्या घशातून पुन्हा तो आवाज आला.

“ते मिसळीचं ऱ्हायलंय.”

“आता काय त्याचं? संपलं की पुस्तक.”

“निघालीती दोघं. पुढं?”

अंजनाबाईंनी एक लांब सुस्कारा सोडला. या माणसाचं काही खरं नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला, नाकावर चढवला आणि मिटलेलं पुस्तक मांडीवर घेऊन वाचायला लागल्या.

“तर हाटेलात बसल्यावर कप्तान मिसळ आणणाऱ्या पोऱ्याला म्हणाला, पावणं, कट जरा जास्त आणा.”